टेक्विपमधलं प्रशिक्षण : लोड, रिलीव्हिंग ऑर्डर आणि प्रश्नपत्रिका

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तंत्रशिक्षण सुधारण्यासाठीच्या ‘मेरिट’ योजनेला मंजुरी दिली. एकूण ४,२०० कोटी रुपये, त्यातलं २,१०० कोटी जागतिक बँकेचं कर्ज, २७५ सरकारी आणि अनुदानित संस्था (१७५ अभियांत्रिकी, १०० तंत्रनिकेतनं) आणि मुदत २०२९-३० पर्यंत. म्हणजे आता पुन्हा विभागाविभागांतून एफडीपीच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण वर्गांच्या याद्या फिरणार आणि कुणाला कुठे पाठवायचं यावर बैठका होणार. याआधी टेक्विपच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाची गुणवत्ता सुधारण्याच्या केंद्राच्या प्रकल्पाच्या, तिसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या एका संस्थेकडून मेंटॉर म्हणून आम्ही हे काम केलं. प्रशिक्षणाची बाजू प्रत्यक्षात कशी चालली, कुठे अडली आणि काय केल्यावर सुटली, तेवढंच इथे लिहितो आहोत. आता जो कुणी ही फाइल हातात घेईल, त्याचे पहिले सहा महिने वाचले तरी पुष्कळ झालं.

टेक्विप-३ एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं. जागतिक बँकेच्या आयडीए या सवलतीच्या खिडकीतून २०.१५ कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि देशपातळीवरचं काम नोएडाच्या राष्ट्रीय प्रकल्प अंमलबजावणी कक्षाकडून, म्हणजे एनपीआययूकडून चालायचं. आधीच्या दोन टप्प्यांत देशभरातल्या निवडक संस्था होत्या. तिसऱ्यात रोख बदलला. बिहार, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, ईशान्येतली आठ राज्यं, हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर आणि अंदमान-निकोबार इथल्या संस्था मध्यभागी आल्या. आधीच्या टप्प्यांतून वर आलेल्या बाहेरच्या संस्थांना त्यांच्याशी जोडून दिलं गेलं. याचं नाव ‘ट्विनिंग’. दोन्ही संस्थांनी सामंजस्य करार करायचा, वर्षाचा आराखडा ठरवायचा, आणि मेंटॉरनं प्रशिक्षण, एनबीएची (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) तयारी, प्रयोगशाळा, परीक्षा अशा सगळ्यात हात द्यायचा.

करारावर सह्या होतात त्या दिवशी फोटो छान येतात. काम अडतं ते त्यानंतरच्या पहिल्या कागदावर, आणि तो कागद म्हणजे शिक्षकाला पाच दिवस सोडण्याची ऑर्डर. पैशाची अडचण या प्रकल्पात तशी कमी होती. माणूस मोकळा करणं ही खरी अडचण. हिशेब मांडून पाहा. विभागात पाच शिक्षक आहेत, प्रत्येकाला आठवड्याला १६ तास शिकवण्याचा लोड. दोघं प्रशिक्षणाला गेले की ३२ तास उघडे पडतात. उरलेल्या तिघांनी ते वाटून घेतले तर प्रत्येकावर जवळपास ११ तास वाढतात, म्हणजे आठवड्याला २७ तास. एवढं कुणी करत नाही. मग तास बुडतात, विद्यार्थी प्राचार्यांकडे जातात, आणि पुढच्या वेळी विभागप्रमुख यादीवर सही करायला तयार नसतात. करायला लागलेच तर ज्यांच्याकडे लोड कमी आहे त्यांनाच पाठवतात. त्यामुळे तीच दोन-तीन माणसं सात-सात एफडीपी करून येतात, आणि ज्याच्या वर्गात पहिल्या वर्षाची ६० मुलं बसलेली असतात तो मागेच राहतो.

यावर तोडगा सापडला तो टाइमटेबलात. सत्र सुरू होण्याआधी, टाइमटेबल बनतानाच, कोण कोणत्या आठवड्यात जाणार हे त्यात लिहून टाकायचं. त्या आठवड्याचे तास आधीच्या दोन आठवड्यांत जादा घेऊन भरून काढायचे आणि ते जादा तासही टाइमटेबलावर दिसले पाहिजेत. पर्यायी शिक्षकाचं नाव ऑर्डरमध्येच टाकायचं. ‘विभागप्रमुख योग्य ती व्यवस्था करतील’ असं वाक्य ऑर्डरमध्ये आलं, की व्यवस्था झालेली नाही असं समजावं. आणि एका विभागातून एकटं माणूस शक्यतो पाठवू नये. एकटा परत येतो तेव्हा त्याच्याशी त्या विषयावर बोलायला कुणी नसतं, महिनाभरात सगळं विरून जातं. दोघं एका विषयाचे असतील तर वही तरी एकमेकांना दाखवतात.

तारखा ठरवताना दोन्ही बाजूंचं वेळापत्रक समोर ठेवावं लागतं. आपल्याकडची सुट्टी आणि तिकडची सुट्टी जुळत नाही. संलग्न महाविद्यालयांत विद्यापीठाच्या परीक्षा, मग पेपर तपासणी, मग प्रात्यक्षिक परीक्षा असा महिना-दीड महिना जातो. २०१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या विधानसभा निवडणुका आल्या, २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये लोकसभेची. शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागते, आणि बऱ्याच जिल्ह्यांत सरकारी तांत्रिक महाविद्यालयाची इमारतच मतदानयंत्रं ठेवायला आणि मतमोजणीला घेतात. तेव्हा सभागृह तर सोडाच, मुख्य फाटकातून आत जायलाही पास लागतो. मेरिटच्या आराखड्यात हे आधीच धरून चाला.

दुसरी गोष्ट ३१ मार्चची. खर्च दाखवायचा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकामागून एक कार्यशाळा लावल्या जातात. त्याच महिन्यांत सत्र ऐन भरात असतं. अशा कार्यशाळेत पहिल्या दिवशी ४० माणसं सही करतात आणि तिसऱ्या दिवशी १५ बसलेली असतात. वर्षाच्या निधीपैकी प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त भाग जानेवारीच्या आत खर्ची पडेल असा आराखडा केला, तरच मार्च सुसह्य होतो.

आता गरज ओळखण्याबद्दल. प्रकल्पात प्रशिक्षण-गरजांचं विश्लेषण करणं सक्तीचं होतं आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी एक फॉर्म फिरवला जायचा : तुम्हाला कोणत्या विषयात प्रशिक्षण हवं? फॉर्म भरून येतात तेव्हा सगळ्यांवर तेच लिहिलेलं असतं : मशीन लर्निंग, पायथन, आयओटी. स्थापत्यवालेही तेच लिहितात. ‘मला प्रश्नपत्रिका नीट काढता येत नाही’ असं स्वतःच्या हातानं लिहून प्राचार्यांकडे कोण देईल? तो फॉर्म घ्यायचा, फाइलला लावायचा, पण आराखडा त्यावर बेतायचा नाही. खरी गरज तीन जागी दिसते : गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत, विषयवार निकालात आणि प्रयोगशाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे यंत्रसामग्रीच्या नोंदवहीत.

प्रश्नपत्रिकेचं काम असं करायचं. विभागाच्या दहा प्रश्नपत्रिका घ्यायच्या. प्रत्येक प्रश्नासमोर ब्लूमनं सांगितलेल्या शिकण्याच्या सहा पातळ्यांपैकी कोणती ते लिहायचं : आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. मग पातळीवार गुणांची बेरीज. हे काम दोघांनी वेगवेगळं करायचं आणि मग जुळवायचं, कारण ‘स्पष्ट करा’ हा शब्द दिसला की एक जण समजणं म्हणतो, दुसरा विश्लेषण. क्रियापदावर जाऊ नका. तोच प्रश्न नेहमीच्या पुस्तकात किंवा मागच्या पाच वर्षांच्या पेपरात जसाच्या तसा सापडत असेल तर तो आठवणं, मग त्यात ‘विश्लेषण करा’ असं लिहिलेलं असो. एका पेपराला साधारण पाऊण तास लागतो. बेरीज समोर आली की विभागात कुणालाच वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. गणितं असलेल्या विषयांतसुद्धा बहुतेक गुण पहिल्या दोन पातळ्यांवर पडलेले असतात. एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं परीक्षा सुधारणा धोरण नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं आणि त्यात नेमकी हीच रीत सांगितली होती. त्यामुळे नंतर हे काम पटवून देणं सोपं गेलं.

पण इथेच सगळ्यात मोठी गाठ आहे, आणि ती आम्हाला उशिरा दिसली. संलग्न महाविद्यालयाचा शिक्षक सत्राअखेरची प्रश्नपत्रिका काढतच नाही. ती विद्यापीठ काढतं. राजस्थानात कोट्याचं तांत्रिक विद्यापीठ, ओडिशात राउरकेल्याचं बिजू पटनाईक विद्यापीठ, उत्तर प्रदेशात लखनौचं अब्दुल कलाम विद्यापीठ, अशी एकेका विद्यापीठाखाली पुष्कळ महाविद्यालयं. तुम्ही एका महाविद्यालयातल्या ३० शिक्षकांना पाच दिवस प्रश्न काढायला शिकवलं, ते उत्तम शिकले, आणि डिसेंबरात विद्यापीठाचा पेपर आला तो जुन्याच वळणाचा. विद्यार्थी विचारतात, सर, मग हे वेगळे प्रश्न कशाला सोडवायचे? त्या प्रश्नाला शिक्षकाकडे उत्तर नसतं. टेक्विप-३ मध्ये संलग्नता देणाऱ्या तांत्रिक विद्यापीठांसाठी वेगळा घटक होता, तो याचसाठी महत्त्वाचा. परीक्षा विभागाच्या पेपर-सेटरच्या यादीतली माणसं आणि मॉडरेशन (काढलेले पेपर तपासून दुरुस्त करणारी) समिती यांचं प्रशिक्षण आधी, महाविद्यालयाचं नंतर, हा क्रम पाळा. ते जमलं नाही तर निदान अंतर्गत चाचण्यांवर लक्ष ठेवा. त्या तरी शिक्षकाच्या हातात असतात. ज्याच्या सहीनं गोष्ट बदलते त्याला शिकवा. इतरांना शिकवून त्यांच्या मनात फक्त खंत उरते.

पाच दिवसांच्या कार्यशाळेची मांडणी दोन-तीनदा मोडून शेवटी अशी बसली. येताना प्रत्येकानं आणायचं : स्वतःच्या विषयाचा अभ्यासक्रम, मागची प्रश्नपत्रिका, नावं झाकलेल्या पाच उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, लॅपटॉप. हे न आणता आलेला माणूस पाच दिवस पाहुणा म्हणून बसतो, म्हणून ऑर्डरसोबतच ही यादी जायला हवी आणि दोन दिवस आधी फोन करून विचारायला हवं. पहिला दिवस स्वतःच्या पेपराचं वर वर्णन केलेलं विश्लेषण. दुसरा दिवस कोर्स आउटकम, म्हणजे विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते, लिहिणं. तिसरा दिवस शिकवण्याचा सराव. चौथा दिवस प्रात्यक्षिकाची पुस्तिका आणि गुणदानाचे निकष. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या सत्राचा एक पानी आराखडा, आणि दुपारनंतर विभागप्रमुख समोर बसून त्यावर सही करणार. शेवटच्या दिवशी विभागप्रमुख आले नाहीत तर प्रमाणपत्रं वाटू नयेत, एवढं कडक राहिलं पाहिजे.

तिसऱ्या दिवसाचं गणित हमखास चुकतं. मायक्रोटीचिंगमध्ये एकानं दहा मिनिटं शिकवायचं आणि त्यावर आठ मिनिटं चर्चा. एकाला १८ मिनिटं, तर ३० जणांना ५४० मिनिटं, म्हणजे नऊ तास. एका सभागृहात हे होऊच शकत नाही. मग घाईत तीन-तीन मिनिटं शिकवायला लावतात आणि सगळ्याचा विचका होतो. तीन खोल्या, प्रत्येकी दहा जण, प्रत्येक खोलीत एक अनुभवी माणूस आणि मोबाइल ठेवायला एक साधा स्टँड. तीन तासांत एक फेरी संपते, दुपारी ज्यांना हवं त्यांची दुसरी फेरी. व्हिडिओ त्याच व्यक्तीच्या फोनवर घ्यायचा, दुसऱ्याच्या नाही. या एका नियमामुळे ज्येष्ठ माणसंही उभी राहायला तयार होतात. स्वतःचं शिकवणं पाहताना बहुतेकांना पहिल्यांदा दिसतं की आपण दहापैकी सात मिनिटं फळ्याकडे तोंड करून होतो.

भाषेचा प्रश्न विचारतात बरेच जण. हिंदी पट्ट्यात प्रशिक्षण हिंदीतून आणि संज्ञा इंग्रजी, असंच चाललं. पूर्ण इंग्रजीत बोललं की प्रश्न येणं बंद होतं, हे पहिल्या तासातच कळतं. शिक्षक वर्गात ज्या भाषेत समजावतो त्याच भाषेत त्याच्याशी बोलावं. स्लाइड इंग्रजी असल्या तरी चालतात.

एनबीएच्या तयारीचं प्रशिक्षण हा स्वतंत्र विषय. २०१४ च्या जूनमध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार) कायम सदस्य झाला, त्यानंतर कोर्स आउटकम, पूर्ण पदवीसाठीचे तेव्हाचे बारा प्रोग्रॅम आउटकम आणि त्यांची जुळणी हे सगळ्यांनाच करावं लागलं. एनबीएला द्यायचा स्व-मूल्यांकन अहवाल १,००० गुणांचा. त्यातल्या आउटकम गाठल्याच्या हिशेबाला सगळे घाबरतात, पण तो हिशेब शाळेतल्या बेरजेएवढाच. वर्गात ६० मुलं. ठरवलेले किमान गुण, समजा ६० टक्के, मिळवणारी मुलं ३६ असली तर पातळी १, ४२ असली तर २, ४८ असली तर ३. अडचण वेगळीच असते. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाकडून विषयाचे एकूण गुणच मिळतात, प्रश्नवार नाही. त्यामुळे कोणता आउटकम गाठला आणि कोणता राहिला हे विद्यापीठाच्या परीक्षेतून कळतच नाही. एकच आकडा सगळ्या आउटकमना लावावा लागतो. विद्यापीठाच्या परीक्षेला ८० टक्के आणि अंतर्गत चाचण्यांना २० टक्के वजन धरलं, की खरी माहिती असलेला भाग फक्त २० टक्के उरतो. म्हणून अंतर्गत चाचणीत प्रत्येक प्रश्नासमोर आउटकमचा क्रमांक छापायचा आणि प्रश्नवार गुण तक्त्यात भरायचे, हे पहिल्या चाचणीपासून सुरू व्हायला हवं. वर्ष संपल्यावर बसून भरलेले तक्ते लगेच ओळखू येतात. सगळीकडे ३, ३, २, ३, आणि दोन वेगळ्या विषयांच्या फाइलमध्ये एकच स्पेलिंगची चूक. तपासणीला आलेली समितीही हे पाहते.

शिक्षकांविषयी इतकं बोललं जातं, पण आमच्या मते सगळ्यात जास्त फळ देणारं आणि सगळ्यात कमी झालेलं प्रशिक्षण शिक्षकेतरांचं आहे. प्रयोगशाळा सहायक, स्टोअरकीपर, लेखा विभागातले लिपिक. शिक्षक बदलीनं जातात. ही माणसं बहुधा त्याच गावची, वीस-पंचवीस वर्षं तिथेच. त्यांना शिकवलेलं संस्थेत राहतं.

प्रयोगशाळेचं उदाहरण घ्या. प्रकल्पातून यंत्र येतं, खोक्यातून निघतं आणि चालू होत नाही. कारण थ्री-फेज जोडणी नाही, किंवा अर्थिंग नीट नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मल्टीमीटरनं मोजायला एक मिनिट लागतं. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर संगणकावर चालणारं यंत्र त्या पॉइंटला लावू नये. हे सहायकाला माहीत असेल तर यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळणं टळतं. दोन दिवसांचा वर्ग पुरतो : अर्थिंग आणि यूपीएसच्या बॅटरीची तपासणी, युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनसारख्या यंत्राचं दरवर्षीचं कॅलिब्रेशन कुणाकडून आणि कसं करून घ्यायचं, लॉगबुक कसं भरायचं, तक्रार कोणत्या शब्दांत नोंदवायची. ‘मशीन खराब आहे’ असं लिहिलं की सर्व्हिसचा माणूस महिन्यानं येतो. कोणता टप्पा केल्यावर कोणता एरर दिसतो ते लिहिलं तर निम्म्या गोष्टी फोनवर सुटतात.

आणि खरेदीच्या आदेशातच प्रशिक्षण लिहून घ्या. ‘पुरवठादारानं जागेवर दोन दिवस, किमान तीन जणांना, त्यात एक प्रयोगशाळा सहायक, यंत्र चालवण्याचं आणि देखभालीचं प्रशिक्षण द्यावं, आणि त्या तिघांच्या सहीचा अहवाल आल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल’ इतकं स्पष्ट. नुसतं ‘प्रशिक्षणासह’ असं लिहिलं तर बसवायला आलेला तंत्रज्ञ तासभर बटणं दाखवून गाडी पकडतो. तो तास ज्यांच्यासमोर होतो ते बहुतेक वेळा विभागप्रमुख असतात, आणि ते यंत्र स्वतः कधीच चालवत नाहीत.

स्टोअर आणि खरेदी. प्रकल्पाची खरेदी जागतिक बँकेच्या नियमांनी आणि पीएमएसएस या ऑनलाइन प्रणालीतून व्हायची. खरेदीचा आराखडा आधी मंजूर, मग दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, आदेश, पावती, बसवल्याचा अहवाल, पैसे, आणि प्रत्येक टप्पा प्रणालीत चढवायचा. लोक अडकतात ते तपशील लिहिताना, म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये. एका कंपनीच्या माहितीपत्रकातून मजकूर जसाच्या तसा उचलला की त्या एकाच कंपनीचं यंत्र बसतं, बाकीची दोन दरपत्रकं अपात्र ठरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिकवायचं ते एवढंच : यंत्रानं कोणते प्रयोग करून दाखवायचे ते आधी लिहा, त्यावरून किमान क्षमता ठरवा, ‘किमान’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द वापरा, मिलिमीटरपर्यंतची अचूक मापं टाळा. स्टोअरकीपर आणि शिक्षक यांना एकाच टेबलावर बसवून प्रत्येकी दोन खरे तपशील लिहून घेतले की अर्ध्या दिवसात हे जमतं.

लेखा विभागाची गोष्ट थोडक्यात. पैसे पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून जायचे. एक जण व्यवहार भरणार, दुसरा तपासून मंजूर करणार. व्याख्यात्याचं मानधन अडायचं ते बहुधा खात्यावरचं नाव आणि भरलेलं नाव वेगळं असल्यामुळे, किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलल्यामुळे. पाहुण्याला बोलावतानाच रद्द केलेला धनादेश मागवून घेतला तर पुढचे तीन महिने फोन येत नाहीत. निधी कुठे खर्च झाला ते दाखवणारं उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (सरकारचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात. त्यावरचा आकडा, कॅशबुक आणि पीएफएमएसचा अहवाल हे तिन्ही दर महिन्याला जुळवायचे. वर्षाच्या शेवटी जुळवायला बसलं तर कार्यशाळेतल्या १५० जेवणांचं आणि ३०० चहांचं बिल कोणत्या कार्यक्रमाचं, हेसुद्धा कुणाला आठवत नाही.

महिला शिक्षकांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. घरापासून ८०० किलोमीटरवर, पाच-सहा रात्रींचा मुक्काम अशा प्रशिक्षणांच्या याद्या पाहिल्या की त्यात त्यांची नावं कमी दिसतात. मग ‘त्यांना रस नाही’ असा शेरा कुणीतरी मारतो. तो चुकीचा आहे. तेच प्रशिक्षण त्यांच्या संस्थेत, साडेदहा ते साडेचार ठेवलं की खोली भरते. प्रकल्पात समतेचा आराखडा सक्तीचा होता, त्यात हे धरता येतं : मेंटॉरनं तिकडे जायचं, दोन माणसांचा प्रवासखर्च तीस माणसांपेक्षा कमीच येतो. बाहेर पाठवायचंच असेल तर लहान मूल आणि सोबत येणारी आई किंवा सासू यांच्या राहण्याची सोय आधी बोलून ठेवा. नियमात नसेल तर संस्थेच्या अतिथिगृहात जागा नक्कीच असते.

मार्च २०२० नंतर सगळं ऑनलाइन गेलं. पाच दिवसांच्या एफडीपींचा पूर आला आणि प्रमाणपत्रांचे ढीग साचले. एकाच वेळी दोन एफडीपींना हजर असलेली माणसंही असतील. पण त्याच काळात एक गोष्ट उपयोगी पडली. आधी समोरासमोर प्रशिक्षण झालेल्या गटाशी दर पंधरा दिवसांनी एक तास ऑनलाइन बसणं, आणि त्या तासात फक्त त्यांनी काढलेल्या चाचणीचा कागद पाहणं. हा पाठपुरावा आधीपासूनच हवा होता. कार्यशाळेनंतर सहाव्या आठवड्यात पहिली चाचणी झालेली असते, बाराव्यात दुसरी. त्या दोन चाचण्यांचे कागद मागवायचे आणि पहिल्या दिवशीच्या तक्त्याशी लावून पाहायचे. प्रशिक्षण संपताना भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी ‘उत्कृष्ट’ लिहिलेलं असतं. त्यावरून जेवण चांगलं होतं एवढंच कळतं.

राहिला तो सगळ्यात दुखरा भाग. मागे राहिलेल्या राज्यांतल्या संस्थांमध्ये शिक्षकच नव्हते, म्हणून प्रकल्पातून आयआयटी, एनआयटीसारख्या संस्थांतून शिकलेले बाराशेहून अधिक तरुण शिक्षक तीन वर्षांच्या कंत्राटावर, महिना ७०,००० रुपयांवर घेतले गेले. २०१८ च्या सुरुवातीला ते रुजू झाले. बिहारमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात नवी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयं उघडत होती, तिथल्या काही विभागांचा कणाच ही मुलं होती. प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या, गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतली, एनबीएच्या फाइली लिहिल्या. मुदत वाढत वाढत ३० सप्टेंबर २०२१ ला प्रकल्प संपला आणि त्यांची कंत्राटंही. राज्यांनी त्यांना सामावून घ्यावं ही अपेक्षा होती, मागण्या झाल्या, आंदोलनं झाली. बहुतेकांना जावं लागलं. या काळात त्यांच्यावर झालेलं प्रशिक्षण त्यांच्याबरोबर त्या संस्थेबाहेर गेलं. मेरिटमध्ये कंत्राटी नेमणुका झाल्या तर राज्याकडून पदनिर्मितीचं पत्र पहिल्या वर्षातच मागायला हवं, तिसऱ्या वर्षी ते मिळत नाही.

प्रकल्प बंद होण्याआधीच्या सहा महिन्यांत काही कामं उरकावी लागतात. सॉफ्टवेअरची लायसन्स कधी संपतात आणि नूतनीकरणाचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली जाणार, ही यादी प्राचार्यांच्या सहीनं वित्त विभागाकडे जायला हवी. प्रश्नसंच कंत्राटी शिक्षकांच्या लॅपटॉपवरून परीक्षा विभागाच्या संगणकावर यायला हवेत. यंत्रांचे पासवर्ड, कॅलिब्रेशनच्या तारखा, पुरवठादाराच्या सर्व्हिस केंद्राचा नंबर हे सगळं लॉगबुकच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं, कारण फाइल हरवते पण लॉगबुक यंत्राजवळच राहतं. आणि कंत्राटी शिक्षकाकडे असलेल्या प्रत्येक प्रात्यक्षिकाला एक कायम माणूस जोडून द्यायचा, शिक्षक नसेल तर प्रयोगशाळा सहायक. दोघांनी मिळून पुस्तिका लिहायची, प्रत्येक प्रयोग दुसऱ्यानं पहिल्याच्या मदतीशिवाय करून दाखवायचा, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोघांची नावं छापायची. काही विभागांनी हे वेळेत केलं. त्या पुस्तिका आजही वापरात आहेत, आणि पहिल्या पानावरच्या दोन नावांपैकी दुसरं नाव तिथल्या टाइमटेबलात अजून आहे.